तिला किती उश्या लागतात, एवढं तरी विचारा

प्रति,
लहान रुग्णालयांचे प्रमुख, औषधखरेदीच्या फायलींवर सह्या करणारे अधिकारी आणि प्रसूती विभागाचे नियम लिहिणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

"इको नाही, हृदयरोगतज्ज्ञ नाही, आम्ही काय करणार?" बाळंतपणाच्या आसपास हृदय थकून दम लागलेल्या बाईचा विषय निघाला की हे वाक्य (इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी) तुमच्या बैठकांत दर वेळी कुणीतरी बोलतं आणि बाकीचे माना डोलावतात. मीही डोलावली आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, हृदयरोगतज्ज्ञ तर नाहीच. दोन डॉक्टर, मोजक्या सिस्टर आणि ऑक्सिजनचे चार सिलिंडर (त्यातला एक कायम रिकामा) अशा रुग्णालयात बाळंतपणं करण्यात माझी वर्षं गेली. म्हणून आधी माझीच चूक सांगते आणि मग तुमच्याकडे मागणं मागते.

ती बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी आली. दुसरं बाळंतपण, नॉर्मल, काही गुंतागुंत नाही. तक्रार खोकल्याची, रात्री जास्त. "झोपच लागत नाही," म्हणाली. घरात पाच दिवसांचं बाळ असताना झोप कुणाला लागते, असं मी हसून म्हटलं. स्टुलावर बसवून छाती ऐकली. खालच्या बाजूला थोडा आवाज येत होता. अँटिबायोटिक लिहिलं, खोकल्याचं औषध लिहिलं, लोहाच्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. नाडी ११८ होती. हा आकडा मीच लिहिला होता, माझ्याच अक्षरात, आणि त्याच्या खाली 'अशक्तपणा' असा शब्द होता. तपासणीच्या टेबलावर तिला आडवं झोपवलं असतं तर एका मिनिटात सगळं कळलं असतं. बाहेर रांग होती. नाही झोपवलं.

दोन रात्रींनी, पहाटे तीनच्या सुमारास तिला परत आणलं. ती बसलेली होती, दोन्ही हात खाटेच्या कडेवर रोवून. ओठ निळसर, तोंडाशी गुलाबी फेस. एक शब्द बोलली की एक श्वास. वॉर्डबॉय तिला नेहमीप्रमाणे आडवी करायला गेला, तेव्हा ड्युटीवरच्या सिस्टरने त्याचा हात धरला. "झोपवू नको. बुडेल ती." हा शब्द मला कुठल्याच पुस्तकात भेटला नव्हता. पण नेमकं तेच होत होतं. पाय खाटेखाली सोडून तिला ताठ बसवलं, ऑक्सिजन लावला, लघवीवाटे पाणी उतरवणाऱ्या लॅसिक्सच्या दोन अँपूल म्हणजे ४० मिलिग्रॅम शिरेतून हळू दिलं, लघवीची नळी घातली. सात वाजता पिशवीत दीड लिटर लघवी होती. आठ वाजता ती दोन उश्यांवर झोपली होती.

इको झाला अकरा दिवसांनी, मोठ्या रुग्णालयात. इजेक्शन फ्रॅक्शन २८ टक्के. दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं निम्म्याहून अधिक रक्त बाहेर फेकलं जायला हवं, तिथे जेमतेम पाव भाग जात होता. आजाराचं नाव कागदावर आलं तेव्हा तिचा जीव वाचून अकरा दिवस झाले होते. तो वाचला एका बसवण्याने, एका सिलिंडरने आणि दोन अँपुलांनी. गेला असता तर तोही यंत्र नव्हतं म्हणून नव्हे, मी तिला झोपवून पाहिलं नाही म्हणून.

या आजाराला पेरिपार्टम कार्डिओमायोपथी म्हणतात. आधी धडधाकट असलेल्या बाईच्या हृदयाचा स्नायू गरोदरपणाच्या अखेरीस किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत दुबळा पडतो, आणि दुसरं कुठलंही कारण सापडत नाही. १९७१ मध्ये डेमाकिस आणि सहकाऱ्यांनी त्याला मुदत घालून दिली होती, शेवटचा महिना ते बाळंतपणानंतरचे पाच महिने. २०१० मध्ये युरोपीय तज्ज्ञगटाने ही मुदत सैल केली आणि इजेक्शन फ्रॅक्शन बहुधा ४५ टक्क्यांच्या खाली असतं, असं सांगितलं. बहुतेक बायका बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात येतात, त्यातही पहिल्या काही दिवसांत जास्त.

'दुर्मीळ आहे' असं म्हणून हा विषय बाजूला सारला जातो. किती दुर्मीळ? जपानमध्ये पंधरा-वीस हजार बाळंतपणांमागे एक, दक्षिण आफ्रिकेत हजारामागे एक, हैतीत साधारण ३०० मागे एक आणि उत्तर नायजेरियात १०० मागे एक असे अंदाज सांगितले जातात. हा फरक थोडा वंशाचा, थोडा रक्तदाबाचा, थोडा मोजणाऱ्यांच्या पद्धतीचा. आपल्याकडे दुर्मीळ आहे असं म्हणण्याआधी आपण मोजलं का, हे एकदा पाहावं. मी त्या खोकल्याच्या केसपेपरवर 'अशक्तपणा' लिहून मोकळी झाले असते आणि ती परत आलीच नसती, तर माझ्या नोंदवहीत हा आजार शून्य राहिला असता.

तो निसटतो याचं कारण साधं आहे. गरोदर बाईला दम लागतोच, पाय सुजतातच, थकवा येतोच. मग खरा आजार या 'तोच'च्या गर्दीत मिसळून जातो. त्यात शरीराचं गणितही आपल्याला फसवतं. गरोदरपणात रक्तातला द्रव ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. बाळ बाहेर आलं की गर्भाशय आकसतं आणि त्यातलं रक्त एकदम मूळ प्रवाहात परत येतं. पुढच्या काही दिवसांत पायांच्या सुजेतलं पाणीही शिरांत परतू लागतं. निरोगी हृदय हे सगळं मूत्रपिंडांकडे ढकलून मोकळं होतं. दुबळ्या हृदयावर नेमका याच वेळी सगळ्यात मोठा भार येतो. आपण म्हणतो, "सुटली बाई." आणि २४ तासांनी घरी पाठवतो.

आता श्वास मोजण्याबद्दल. हे जरा लांबेल, पण माझा सगळा भर इथेच आहे.

एका वर्षी मी आमच्या वॉर्डातले तीस केसपेपर काढून बसले. श्वासाच्या रकान्यात बहुतेक सगळीकडे २० होतं. काही ठिकाणी १८. सिझरिंगनंतर, नॉर्मलनंतर, ताप असलेली, नसलेली, सगळ्या बायका एका लयीत श्वास घेत होत्या. त्यातल्या एकीला मी नुकतंच पाहिलं होतं. घड्याळ धरून मोजलं तर ३२ भरले. हा सिस्टरांचा आळस नाही. एका सिस्टरकडे वीस खाटा असतील तर प्रत्येकीजवळ पूर्ण मिनिट उभं राहणं तिला परवडत नाही, आणि त्या आकड्याकडे डॉक्टर कधी पाहतही नाही हे तिला ठाऊक असतं. बिनकामाचा आकडा माणूस अंदाजानेच भरतो.

पण हा आकडा बिनकामाचा नाही. गरोदरपणात श्वास खोल होतो, त्याचा वेग फारसा वाढत नाही. त्यामुळे मिनिटाला २४-२६ श्वास 'गरोदरपणामुळे' आहेत असं म्हणताच येत नाही, त्यामागे काहीतरी कारण असतं. नाडीचंही तसंच. गरोदरपणात ती थोडी वाढते, पण शांत बसलेल्या बाळंतिणीची नाडी ११० च्या वरच राहत असेल तर 'घाबरली असेल' हे उत्तर चालत नाही. कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये गरोदरपणातल्या हृदयविकारांसाठी एक मार्गदर्शिका निघाली. तिच्यातल्या धोक्याच्या खुणा वाचून मला धक्काच बसला: विश्रांतीत नाडी १२० किंवा वर, श्वास ३० किंवा वर, वरचा रक्तदाब १६० किंवा वर, ऑक्सिजन ९४ टक्के किंवा खाली, आणि आडवं झोपल्यावर जीव घाबरणं. यातलं काय आपल्याकडे नाही? घड्याळ, रक्तदाबाचं यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि एक प्रश्न. ही पद्धत तिथल्या जुन्या मृत्यूंना लावून पाहिली, तेव्हा हृदयविकाराने गेलेल्या शंभरातल्या जवळपास ८८ जणी वेळीच संशयाच्या यादीत आल्या असत्या, असं दिसलं. आणि हे इकोची वानवा नसलेल्या प्रदेशातलं चित्र आहे.

हैतीत वर्षानुवर्षं काम केलेल्या जेम्स फेट या डॉक्टरांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यासाठी सहा प्रश्नांची एक चाचणी बनवली. आडवं झोपल्यावर दम लागतो का, चालताना-चढताना लागतो का, कारण नसताना खोकला आहे का, पाय सुजलेत का, वजन अचानक वाढलंय का, छातीत धडधडतं का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण बारा, पाच किंवा जास्त भरले तर पुढची तपासणी. कुणीही विचारू शकेल अशी. एक प्रश्न मी माझ्याकडून सुधारून घेतलाय. "झोपल्यावर दम लागतो का?" असं विचारलं की बाई नाही म्हणते, कारण ती झोपतच नसते, बसून रात्र काढते. "किती उश्या घेऊन झोपता?" असं विचारलं की उत्तर येतं. "तीन. नाहीतर भिंतीला टेकून."

मंडळी, माझी पहिली मागणी ही आहे. बाळंतिणीला घरी सोडण्याच्या कागदावर दोन ओळी छापा: 'पाच मिनिटं सपाट झोपवून पाहिलं' आणि 'पूर्ण मिनिट मोजलेला श्वास'. खाली सही. सही आली की मिनिट निघतं, हा माझा अनुभव आहे. आणि बाळंतपणानंतरच्या भेटींमध्ये आईकडेही पाहायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पहिल्या २४ तासांनंतर निदान तीन भेटी व्हायला हव्यात: ४८ ते ७२ तासांत, सातव्या ते चौदाव्या दिवसात आणि सहाव्या आठवड्यात. त्या होतात तिथे बाळाचं वजन होतं, नाळ पाहिली जाते, लस टोचली जाते. आईच्या नाडीवर कुणी बोट ठेवत नाही.

दुसरी गोष्ट सलाईनची. यावर बोललं की माझेच सहकारी रागावतात. सिझरिंगनंतर बाटल्या लावायची आपली सवय हाताला बसलेली आहे. एक संपली की दुसरी. रक्तदाब जरा कमी आला की तिसरी भराभर सोडायची. रक्त जास्त गेलेल्या बाईला ते हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण रक्तस्राव नाही, हातपाय गार, नाडी जलद, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि छातीत बुडबुड, अशा बाईचा रक्तदाब पाणी कमी पडल्यामुळे उतरलेला नसतो. पंपच चालत नाही म्हणून उतरलेला असतो. तिला बाटली लावणं म्हणजे बुडणाऱ्याच्या अंगावर आणखी एक घागर ओतणं. मी स्वतः अशा एका बाटलीच्या ऑर्डरवर सही केली आहे, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. एवढंच सुचवते: दुसऱ्या बाटलीनंतर प्रत्येक बाटलीआधी छातीचा मागचा खालचा भाग ऐकायचा आणि ऑक्सिजन पाहायचा, हे नियमात लिहा. रक्त चढवायचं असेल तरी तेच. तीव्र रक्तक्षय हे दम लागण्याचं एक मोठं कारण आहे, पण घाईने चढवलेली पिशवी त्या हृदयाला झेपत नाही. ती हळू, आणि सोबत लॅसिक्स.

लेबर रूमच्या ट्रेबद्दलही थोडं. हृदयाची शंका असलेल्या बाईला रक्तस्राव थांबवायचं मेथर्जिन नको. ते रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब उसळतो. गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन द्यायचंच, पण शिरेतून एकदम ढकलायचं नाही, हळू सोडायचं. बाळ अजून पोटात असेल तर हृदय थकलंय म्हणून लगेच सिझरिंग, असंही नाही. बाईची तब्येत स्थिर असेल तर नॉर्मल बाळंतपण, शेवटची ढकलाढकल कमी करून, बहुतेक वेळा बरं. स्थिर नसेल तर कितवा महिना आहे हे मोजत न बसता बाळंतपण उरकायचं.

आणि आता ती मागणी, जिच्यासाठी मुळात हे पत्र लिहायला बसले. पहाटे तीनला जिने ओळखलं ती सिस्टर होती. मी रुग्णालयाच्या आवारातच राहत होते म्हणून पाच मिनिटांत पोहोचले. डॉक्टर पाच मिनिटांवर नसेल तर काय? सिस्टरला कळतं, अँपूल कपाटात असते, पण लेखी ऑर्डरशिवाय ती दिली आणि काही झालं तर नोकरी तिची जाते. म्हणून ती फोन लावत राहते, आणि बाई बुडत राहते. तुम्ही एक कायमची लेखी ऑर्डर काढू शकता. दम लागून बसलेली, छातीत दोन्ही बाजूंना बुडबुड असलेली, वरचा रक्तदाब ९० च्या वर असलेली गरोदर किंवा बाळंतीण बाई आली, तर तिला बसवून, ऑक्सिजन लावून फ्युरोसेमाइडचा (म्हणजे लॅसिक्सचा) पहिला डोस सिस्टरने द्यावा आणि मग डॉक्टरला कळवावं. एक पान. एक सही. तिला एकही पैसा लागत नाही, फक्त जबाबदारी वर सरकते. कदाचित म्हणूनच ती इतकी वर्षं निघालेली नाही.

"निदान नसताना औषध कसं द्यायचं?" असं मला एका बैठकीत विचारलं गेलं. प्रश्न बरोबर आहे, त्याला नीट उत्तर देते. बाळंतिणीच्या फुफ्फुसांत पाणी भरण्याची मोठी कारणं तीन. हृदयाचा स्नायू थकलेला, संधिवाताच्या तापाने आकसलेली झडप, किंवा प्रीएक्लॅम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या आजाराचा, वाढलेला रक्तदाब. तिन्हींत पहिल्या तासाचं काम एकच: बसवा, ऑक्सिजन द्या, पाणी उतरवा, रक्तदाब चढलेला असेल तर तो उतरवा. वरचा आकडा ११० च्या वर असेल तर रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रेट उपयोगी पडतं. छाती स्वच्छ आहे आणि तरी ऑक्सिजन कमी येतोय, तर मात्र वेगळा विचार हवा. तिथे फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गाठ मनात आणायची आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनचा निर्णय घ्यायचा. ताप, एकाच बाजूचा आवाज, पिवळा बेडका असेल तर न्यूमोनिया. हे पुन्हा कानाने आणि हाताने कळतं. डोस देऊन लघवी किती झाली हे तासातासाला लिहायचं. पहिल्या सहा तासांत ताशी १०० मिलिलिटरही होत नसेल तर डोस दुप्पट.

नावाची गरज दुसऱ्या टप्प्यात लागते, आणि तिथे मात्र इकोशिवाय भागत नाही. आकसलेल्या झडपेच्या बाईला नाडी मंद करणारी गोळी लवकर दिली तर तिला बरं वाटतं. तीच गोळी, पाणी उतरायच्या आधी, थकलेल्या स्नायूच्या बाईला दिली तर ती कोसळू शकते. तेव्हा इको हवाच, पण तो पहिल्या तासात नव्हे, पुढच्या काही दिवसांत. आठवड्यातून एकदा येणारा तज्ज्ञ, हातात धरायचं छोटं यंत्र, चित्र पाठवून दुसरीकडून मत, काहीही चालेल. तोवर ईसीजी काढा. या आजारात तो पूर्ण नॉर्मल क्वचितच असतो. छातीचा एक्स-रे गरोदर बाईचा काढायला कचरू नका, बाळापर्यंत पोहोचणारा किरणोत्सर्ग नगण्य असतो. तो न काढल्याने होणारं नुकसान मी पाहिलंय.

पाठवायची वेळ आली तर रुग्णवाहिकेकडेही एक नजर टाका. आपल्या स्ट्रेचरला पट्टे असतात आणि पेशंटला सपाट बांधून न्यायची शिस्त असते. दोन तास सपाट. लॅसिक्सचा डोस गाडीत बसवण्याआधी, पाठ टेकवून बसवलेली अवस्था, भरलेला (तपासलेला!) सिलिंडर, आणि चिठ्ठीत 'दम' या शब्दाऐवजी आकडे.

वाचलेल्या बाईचा आजार वॉर्डातून बाहेर पडताना संपत नाही. ४९ देशांतल्या ७३९ बायकांची नोंद ठेवणारी मोठी पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत शंभरातल्या सहा जणी गेल्या होत्या, सात जणींना रक्ताच्या गाठीचा त्रास झाला होता, आणि हृदय पूर्ववत झालेल्या होत्या ४६. शेवटचा आकडा दोन्हीकडून वाचावा. निम्म्या बायकांचं हृदय सहा महिन्यांत सावरतं, इतर बऱ्याच हृदयविकारांत असं भाग्य नाही. पण त्यासाठी त्या सहा महिन्यांत गोळ्या हाताशी लागतात. बाळ पोटात असताना हृदयावरचा भार हलका करणारं एनालाप्रिल चालत नाही, बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते. तेव्हा हायड्रॅलझिन आणि नायट्रेटवर निभवायचं. बाळंतपणानंतर एनालाप्रिल सुरू करता येतं, अंगावर पाजतानाही. पाणी उतरल्यावर नाडी मंद करणारी मेटोप्रोलॉल किंवा त्याच्या जातीतली गोळी, सोबत स्पायरोनोलॅक्टोन. पंप फारच दुबळा असेल तर हेपरिन. फ्युरोसेमाइडपासून हेपरिनपर्यंत हे सगळं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, यातलं काहीही परग्रहावरून आणायचं नाही. तरी आमच्याकडे पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळत आणि सोळाव्या दिवशी 'साठा संपला'. बाईला तोवर बरं वाटू लागलेलं असतं, मग ती पुन्हा येतच नाही. खरेदीच्या फायलीत या बायकांसाठी सहा महिन्यांचा साठा वेगळा धरा. वर्षाला मोजक्याच असतील, हिशेब जड जाणार नाही.

ब्रोमोक्रिप्टिनबद्दल तुम्हाला कुणीतरी विचारेलच, म्हणून लिहिते. २००७ मध्ये जर्मन संशोधक डेनिझे हिल्फिकर-क्लाइनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा एक तुटका तुकडा हृदयातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतो. प्रोलॅक्टिन दाबणारी ही गोळी मग पुढे आली. दक्षिण आफ्रिकेत कॅरेन स्लिवा यांनी वीस बायकांवर केलेला छोटा प्रयोग २०१० मध्ये छापून आला, नंतर जर्मनीत ६३ बायकांचा अभ्यास झाला. आशा आहे, पण पुरावा अजून लहान आहे, आणि २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शिकेनेही 'विचार करता येईल' एवढंच म्हटलं. मला थांबायला लावते ती वेगळी गोष्ट. ही गोळी दूध बंद करते. जिथे स्वच्छ पाण्याची खात्री नाही, पावडरचं दूध परवडेल याची खात्री नाही, तिथे आईच्या हृदयाचा धोका कमी करताना बाळाचा वाढतो. शिवाय या गोळीसोबत रक्त पातळ ठेवणारं औषध द्यावंच लागतं, कारण गाठीचा धोका आहे. आणि दूध बंद झालं की पाळी लवकर परतते, म्हणजे दिवस राहण्याची शक्यताही लवकर परतते. त्यामुळे ती सरसकट ट्रेमध्ये ठेवा असं मी म्हणणार नाही. फार दुबळ्या हृदयाच्या बाईसाठी, बाळाच्या दुधाची सोय आधी लावून, तिला सगळं समजावून, वरच्या डॉक्टरांशी बोलून द्यावी. ही माझी समजूत आहे, कुणाला कदाचित पटणार नाही.

पुढच्या गरोदरपणाचं मात्र वाद घालण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या ४४ बायकांचा अभ्यास २००१ मध्ये आला होता. ज्यांचं हृदय सावरलं नव्हतं अशांपैकी ४४ टक्क्यांना पुढच्या गरोदरपणात पुन्हा त्रास झाला आणि १९ टक्के गेल्या. सावरलेल्यांपैकी कुणी गेलं नाही, पण २१ टक्क्यांना त्रास झालाच. म्हणून या बाईला कॉपर टी किंवा दंडात बसवायचं इम्प्लांट घरी सोडण्याआधी मिळायला हवं, आणि इस्ट्रोजेन असलेली गोळी मिळता कामा नये, कारण तिने गाठी होतात. नवऱ्याची नसबंदी हा सगळ्यात सोपा उपाय मी दर वेळी सुचवते. तो दर वेळी खिडकीबाहेर बघतो.

"प्रत्येक सुजलेल्या पायाला धरून बसलो तर वॉर्ड भरून वाहील," हा तुमचा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय. एकट्या सुजेला धरायला मी सांगत नाहीये. सूज बाजूला ठेवा. झोपता येत नाही, श्वास जलद, नाडी जलद, ऑक्सिजन कमी: यातल्या दोन गोष्टी एकत्र असलेल्या किती बायका महिन्याला निघतात ते आधी मोजून पाहा. आम्ही मोजलं तेव्हा हाताच्या बोटांवर निघाल्या. त्यातल्या बऱ्याच जणींना रक्तक्षय होता, काहींना रक्तदाब, एकीला आकसलेली झडप. हृदयाचा स्नायू थकलेली एकही नव्हती त्या तीन महिन्यांत. पण ज्या निघाल्या त्यांच्यातल्या एकीलाही तशीच घरी पाठवणं बरोबर ठरलं नसतं.

आणि बाई गेल्यावर जी चौकशी बसते, तिच्या नमुन्यात एक प्रश्न वाढवा. आत्ताचा नमुना विचारतो: कुठली सोय उपलब्ध नव्हती? त्याचं उत्तर कायम तयार असतं. त्याच्या वर हे छापा: 'दम लागतो' हे कागदावर पहिल्यांदा कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता लिहिलं, आणि त्यानंतर पहिलं औषध किती वाजता दिलं गेलं? माझ्या त्या पेशंटच्या बाबतीत या दोन वेळांमध्ये दोन दिवस गेले होते. यंत्राचा त्यात काही संबंध नव्हता.

पुढच्या खरेदीच्या बैठकीत छोट्या इको यंत्राची फाईल समोर येईल. ती मंजूर करा, मी आडवी येणार नाही. फक्त त्याच दिवशी, बैठक संपल्यावर, न कळवता बाळंतिणींच्या वॉर्डात जा. कुठलेही पाच केसपेपर उचला आणि श्वासाच्या रकान्यातला आकडा वाचा. मग घड्याळ हातात घेऊन त्याच पाच जणींचा श्वास एकेक मिनिट स्वतः मोजा. आकडे जुळले तर मला कळवा. नाही जुळले तरी कळवा, मी त्या लेखी ऑर्डरचा कच्चा मसुदा घेऊन येते.

आपली,
एका लहान रुग्णालयातली वैद्यकीय अधिकारी